एक जूनवाल्या

नवी ओळख झाली की लोक गाव विचारतात, फार तर आडनाव विचारतात. यशोदा पिसे विचारायची, "रिटायर कधी?" हे ती लग्नाच्या मांडवात विचारायची आणि बारशालाही विचारायची, बारशाला अर्थात बाळाच्या आजोबांना. समोरच्याने तारीख सांगितली की क्षणभर डोळे मिटून मनाशी काहीतरी जुळवायची आणि त्याच्या जागी कोण येणार तेही सांगून टाकायची. बहुतेक वेळा तोच यायचा.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका सरकारी कार्यालयात तिने पस्तीस वर्षं नोकरी केली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागली, वरिष्ठ लिपिक झाली, मग सहायक अधीक्षक. यातलं काहीही आपोआप झालेलं नाही, असं तिचं ठाम मत होतं. तिचा नवरा एकनाथ कुर्डुवाडीला रेल्वेत होता, रोज अप-डाउन करायचा, आणि आपल्याला बढती मिळाली हे त्याला सहकाऱ्यांनी पेढे मागितले की कळायचं. अशा माणसाबरोबर संसार करायचा तर घरात एकाने तरी पुढचं बघायला नको का?

ती पुढचं बघायची ते एका वहीत. १९९१ साली नोकरीला लागली त्याच्या पहिल्याच महिन्यात ज्येष्ठता यादी सहीसाठी फिरत तिच्या टेबलावर आली. कोण कुणाच्या पुढे हे सांगणारी ती यादी; वरचा माणूस निवृत्त झाला की खालचे सगळे एकेक पायरी वर सरकणार. बाकीचे लोक आपलं नाव बघून सही करत आणि कागद पुढे ढकलत. तेवीस वर्षांच्या यशोदाने डब्याच्या सुट्टीत चार दिवस बसून ती अख्खी यादी उतरवून काढली. लांबट, खाकी पुठ्ठ्याच्या वहीत चौसष्ट नावं आणि प्रत्येकापुढे त्याच्या निवृत्तीची तारीख. चौसष्टावं नाव तिचं स्वतःचं. मग पेन्सिल घेऊन तिने मांडणी केली, की मधल्या काळात कुणी गचकलं नाही, कुणी नोकरी सोडली नाही, तर १ जून २०२५ या दिवशी आपण कार्यालय अधीक्षक होणार. पुढच्या मेअखेर आपणही निवृत्त. म्हणजे खुर्ची मिळणार ती बरोब्बर एक वर्ष.

एकनाथने ते पान बघितलं आणि हात जोडले. उद्याची गाडी वेळेवर येईल की नाही हे आम्हाला सांगता येत नाही, म्हणाला, आणि तू चौतीस वर्षांनंतरचं सांगतेस.

पण ती एकदा बोलली की बोलली. विभागीय परीक्षा पहिल्या फटक्यात सुटली पाहिजे म्हणून दोन उन्हाळे माहेरी गेली नाही. उर्वीचा जन्म परीक्षेचा निकाल लागल्यावर दहा महिन्यांनी झाला आणि हा काही योगायोग नव्हता. एकदा एकनाथला पुण्याला जायची संधी आली, हिलाही तिकडे बदली मिळत होती. पण दुसऱ्या जिल्ह्यात गेलं की तिथल्या यादीत सगळ्यात तळाला नाव लागतं. तिने वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. तो बिचारा पुढची वीस वर्षं डबा घेऊन कुर्डुवाडीची गाडी पकडत राहिला.

दर वर्षी ती वहीतल्या निवृत्तांच्या नावांवर पेन्सिलने रेघ मारायची. माणूस खडूस असला तर रेघ जरा जोरात पडायची.

अधीक्षकांची खुर्ची खिडकीजवळ होती. तिच्या पाठीवर कायम टॉवेल टाकलेला असे. का, ते कुणाला माहीत नाही, पण सरकारात टॉवेल नसलेल्या खुर्चीला खुर्ची म्हणत नाहीत. २०१७ साली सहायक अधीक्षक झाल्याच्या दिवशी यशोदाने चाटी गल्लीतून एक टॉवेल विकत घेतला. पांढरा, निळ्या काठाचा, अंगाला लावायचा नाही असा. डांबराच्या गोळ्या घालून तो कपाटात ठेवून दिला. याला मनातले मांडे म्हणतात हे तिला कळत होतं, पण मांडे जमले होते झकास.

आता लालबीबद्दल सांगायला हवं, कारण यादीत यशोदाच्या बरोबर वर, त्रेसष्टाव्या नंबरला ती होती. लालबी बडेसाब मुलाणी. दोघी वेळापूरच्या अलीकडच्या एकाच वस्तीवरच्या, समोरासमोरच्या घरातल्या. लालबी दोन वर्षांनी मोठी, पण शाळेत एकाच वर्गात. पुढे लग्नं होऊन दोघी सोलापुरातच आल्या, एकाच क्लासला टायपिंग शिकल्या आणि एकाच दिवशी नोकरीवर हजर झाल्या. निवड परीक्षेत लालबीला एक मार्क जास्त पडला होता, म्हणून ती एक पायरी वर. यशोदाला त्याचं वाईट वाटलं नाही. तिच्या मांडणीत लालबी मे २०२४मध्ये निवृत्त होत होती, तिच्या वरचे तिप्पण्णा साहेब मे २०२५मध्ये, आणि मग मैदान मोकळं.

यांचे सगळ्यांचे महिने सारखे कसे, असं परक्या माणसाला वाटेल. आपल्याकडच्या माणसाला नाही वाटणार. त्या काळी वस्तीवर जन्माची तारीख लिहून कोण ठेवतो? शाळा जूनमध्ये उघडायची. गुरुजी पोराला उभं करायचे आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. जन्मतारीख, १ जून. अशी गावोगावची निम्मी पोरं एकाच दिवशी जन्मली, एकाच दिवशी म्हातारी झाली आणि सरकारी नियमाने एकाच दिवशी, ३१ मेला, घरी जायला लागली. मेअखेर निरोप समारंभाला हार आणि नारळ पुरत नसत. कार्यालयात या लोकांना 'एक जूनवाले' म्हणत, आणि यशोदा आणि लालबी या दोघी एक जूनवाल्या. दोघींचा वाढदिवस एकाच पेढ्याच्या डब्यात उरकायचा.

२०२४च्या जानेवारीत एका दुपारी दोघी डबा खात बसल्या होत्या. यशोदाने लालबीच्या भाकरीवरची शेंगाचटणी आपल्याकडे ओढत सहज विचारलं, की तुझ्या निरोपाला कुठल्या रंगाची साडी घेऊ.

"कुणाच्या निरोपाला?" लालबी म्हणाली.

तुझ्या, मे महिन्यातल्या, असं यशोदाने सांगितल्यावर लालबी आधी हसली, मग हिचा चेहरा बघून थांबली. हात धुऊन तिने मागच्या कपाटातून चालू वर्षाची ज्येष्ठता यादी काढली आणि जन्मतारखेच्या रकान्यावर बोट ठेवलं. मुलाणी लालबी बडेसाब, १/६/१९६८. खाली, पिसे यशोदा एकनाथ, १/६/१९६८.

"आपुन दोगी एकाच दिशी जाणार की गं," लालबी म्हणाली. "तुला म्हाईत न्हवतं व्हय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. बासष्ट माणसांच्या तारखा यशोदाने यादीत बघून, बोट ठेवून उतरवल्या होत्या. त्रेसष्टावी मात्र मनाने लिहिली होती. लालबीचं वय बघायला यादी कशाला लागते? दोन वर्षांनी मोठी आहे, मला कडेवर घेऊन फिरली आहे. पुढची बत्तीस वर्षं ती दर जानेवारीत त्या यादीवर सही करत आली आणि त्या एका ओळीवरून तिची नजर घसरत गेली. आता लालबी अधीक्षक होणार, वर्षभर राहणार, आणि दोघी एकाच दिवशी बाहेर. त्या खुर्चीवर यशोदा पिसेंसाठी एक दिवससुद्धा शिल्लक नव्हता.

तिने डबा बंद केला. ती लालबीशी पुढचे आठ दिवस बोलली नाही. हे तिचं वागणं बरोबर होतं असं कुणीच म्हणणार नाही, तीही म्हणत नव्हती. पण हातातोंडाशी आलेला घास जाताना माणूस न्यायनिवाडा करत बसत नाही. उर्वीने पुण्याहून फोनवर समजूत घातली. सहा वर्षांत चार कंपन्या बदललेली पोरगी ती. तिचं म्हणणं, की पुढच्या पाच वर्षांचा बेत लोक फक्त मुलाखतीत सांगतात, आणि तोही खोटा. चौतीस वर्षांच्या बेतात एकच चूक म्हणजे आई, तू पहिली आलीस. यशोदाला हसू आलं नाही.

आस्थापना विभागात सुबोध नावाचा तरतरीत पोरगा होता. त्याने हळूच सुचवलं, की गावच्या जुन्या कोतवाल बुकात जन्माच्या खऱ्या नोंदी असतात. मुलाणी मॅडमची नोंद शोधा, एक अर्ज टाका, चौकशी लागली की बढती तर आपोआप थांबेल.

खरं सांगायचं तर यशोदाने दोन दिवस त्या अर्जाचा विचार केला. बत्तीस वर्षं मसुदे लिहिणारी बाई; विषय, संदर्भ, महोदय, सगळं मनात तयार झालं होतं. तिसऱ्या दिवशी सुबोध परत टेबलापाशी आला, तेव्हा तिने त्यालाच त्याची जन्मतारीख विचारली. सतरा ऑक्टोबर, तो म्हणाला, दवाखान्याचा दाखला आहे.

"मग तुला नाही कळायचं," ती म्हणाली आणि त्याला त्याच्या जागेवर पाठवून दिलं.

पण एक गोष्ट तिला कळून घ्यायचीच होती. रविवारी ती शुक्रवार पेठेत लालबीच्या घरी गेली. लालबी दारातच लसूण सोलत बसली होती. आठ दिवसांचा अबोला जणू झालाच नाही अशा थाटात तिने शेजारची पाटावरची जागा दाखवली. यशोदाने बसायच्या आधी विचारलं, की तू माझ्याहून मोठी, तर गुरुजींनी तुझी आणि माझी तारीख एक कशी लावली?

लालबी लसूण सोलत सांगत गेली. तिला शाळेत घालायचं घरात कुणाच्या डोक्यातच नव्हतं. वस्तीवरची बारकी पोरं शाळेत पोचवायची आणि परत यायचं, एवढंच तिचं काम. त्या जूनमध्ये यशोदाचा पहिला दिवस होता. गुरुजींनी हिचा हात डोक्यावरून नेला, कान लागला, नाव लिहायला दौत उघडली. आणि यशोदाने लालबीचा हात सोडला नाही. रडून रडून शाळा डोक्यावर घेतली. गुरुजींनी चिंचा देऊन बघितल्या, छडी दाखवून बघितली. हिचं एकच, लालबी बसली तर मी बसेन. शेवटी गुरुजी कंटाळले. त्यांनी लालबीला म्हटलं, तूही धर बरं कान. लालबीचा हात कान ओलांडून हनुवटीला लागला. गुरुजींनी तिकडे दुर्लक्ष केलं आणि रजिस्टरमध्ये दोघींची नावं एकाखाली एक लिहिली. लालबी उंच म्हणून वर, यशोदा खाली. तारीख एकच.

"तवा तू हात सोडला असतास," लालबी म्हणाली, "तर मी घरला गेली असती. पाटीबी बगितली नसती. माजी नोकरी तुज्या रडन्यावर हाय, यशे."

यशोदाला हे आठवत नव्हतं. लालबी शेजारी बसायची एवढंच आठवत होतं. ती तिथे का बसली, हे विचारायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. सगळ्यांचा पुढचा ठावठिकाणा लिहून ठेवणाऱ्या बाईने मागचं एक पान उघडून बघितलं नव्हतं. आपल्या बेतात खोडा घालणारी ती तारीख आपणच, सहाव्या वर्षी, भोकाड पसरून लिहून घेतली होती. तिला एकदम इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि लालबीने लसणाचं निमित्त करून स्वतःचेही डोळे पुसले. मग दोघींनी मिळून सगळा लसूण सोलला.

२०२५च्या मेमध्ये तिप्पण्णा साहेब शाल-नारळ घेऊन घरी गेले, जाताना आपला टॉवेलही घेऊन गेले. जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळी लालबी अधीक्षक म्हणून आली, तेव्हा खुर्चीच्या पाठीवर एक कोरा टॉवेल होता. पांढरा, निळ्या काठाचा, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा. लालबीने तो हुंगला आणि यशोदाच्या टेबलाकडे बघितलं. यशोदा मान खाली घालून एका अत्यंत महत्त्वाच्या फायलीत गुंतली होती. फाईल उलटी आहे, हे शिपायाने येऊन सांगितलं.

खोटं कशाला बोला, सुरुवातीला तिला त्या खिडकीकडे बघवत नव्हतं. पण लालबी अधीक्षक म्हणून फर्डी निघाली. दोन वर्षं पडून राहिलेल्या फायली तिने सहा महिन्यांत हलवल्या, आणि अडलं तिथे तिथूनच हाक मारायची, "यशे, ह्ये कसं गं?" यशोदाला उत्तर येत असायचं. चौतीस वर्षं तिने त्या खुर्चीची तयारी केली होती. ती तयारी आता दुसऱ्याच्या नावाने वापरात येत होती, आणि गंमत म्हणजे त्यात तिला मजा यायला लागली होती.

मधेच लालबीच्या मुलाने, सोहेबने, आईवडलांचा हजचा अर्ज भरला होता आणि सोडतीत दोघांचा नंबर लागला. जाणं एप्रिलअखेर, येणं जूनमध्ये. म्हणजे लालबीला शेवटचा महिना रजा घ्यावी लागणार आणि निवृत्तही तिकडेच व्हावं लागणार. पुढच्या वर्षी जाता येईल का बघ, असं यशोदाने मनाविरुद्ध सुचवून बघितलं. खरंच मनाविरुद्ध, कारण अधीक्षक रजेवर गेला की कार्यभार खालच्याकडे येतो, हा नियम तिला झोपेतही पाठ होता.

"वरनं आदेश आला की मागं-फुडं करता येतंय व्हय?" लालबी म्हणाली. "सरकारात इतकी वर्सं काडली तू."

मोठ्या साहेबांचा कागद निघाला. श्रीमती य. ए. पिसे, प्र. अधीक्षक. हा 'प्र.' म्हणजे प्रभारी, तात्पुरत्या कार्यभाराचा. एकनाथने चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, की 'प्र.' एवढा बारीक आहे की लांबून दिसतही नाही. त्या संध्याकाळी तो नवी पेठेतून न सांगता पेढे घेऊन आला.

कार्यभार देताना यादी करतात, काय काय सोपवलं त्याची. लालबीने ती आपल्या हाताने लिहिली होती. कपाटाच्या किल्ल्या तीन. गोल शिक्का एक. प्रलंबित फायली सात. यशोदा एकेका ओळीवर बोट ठेवत वाचत गेली, या वेळी एकही ओळ न चुकवता. शेवटची ओळ होती, टॉवेल एक, धुतलेला, ज्याचा त्याला परत.

तिने सही केली. मग खुर्चीपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली. सगळं कार्यालय बघत होतं. खिडकीतून ऊन येत होतं, पंखा करकरत होता, टॉवेलचा निळा काठ सरळ बसला होता. पस्तीस वर्षं तिने इथपर्यंतचं सगळं ठरवलं होतं. बसायचं कसं, हे मात्र ठरवायचं राहून गेलं होतं. अठ्ठावन्नाला आलेल्या बाईचे ओठ सहा वर्षांच्या पोरीसारखे थरथरायला लागले.

लालबी खिडकीजवळ आली. तिने यशोदाचा हात धरला, खुर्ची मागे ओढली.

"बस," ती म्हणाली. "मी हाय हितंच."

यशोदा बसली. लालबी दारापाशी जाऊन उभी राहिली, पोराला शाळेत पोचवायला आलेली बाई राहते तशी. यशोदाने डोळे पुसले, चष्मा लावला, पहिली फाईल ओढली. फाईल किचकट होती. दोन पानं वाचून तिने एक शेरा लिहिला, दुसरी फाईल घेतली, तिच्यात एक चूक सापडली तेव्हा बरं वाटलं. मग वर न बघताच तिने विचारलं, की लालबी, हे मागच्या वर्षीचं पत्र कुठे लावलंस गं? उत्तर आलं नाही. दारात कुणी नव्हतं. हात सुटून पाऊण तास झाला होता आणि तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

तो महिना कसा गेला ते तिलाही कळलं नाही. ३१ मे रविवारी आला, म्हणून निरोप शुक्रवारीच झाला. एक जूनवाले पाच जण होते, त्यांतली एक मक्केत. लालबीची शाल आणि नारळ यशोदाने घेतला, आणि ती दोन नारळ घेऊन घरी आली तेव्हा एकनाथने विचारलं, एकाच माणसाला दोन कसे? तिने लालबीचा नारळ फडताळात वेगळा ठेवला आणि त्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

१ जूनला सकाळीच लालबीचा फोन आला. तिकडे गर्दी होती, आवाज तुटत होता.

"वाडदिवसाच्या दुवा घे, यशे," ती ओरडून सांगत होती. "तारीक गुरुजींची हाय, पर दुवा माजी हाय."

यशोदाने तिलाही शुभेच्छा दिल्या, मग सवयीप्रमाणे विचारलं, येणार कधी? फोन ठेवल्यावर तिने खाकी वही काढली. त्रेसष्टावर रेघ मारली, चौसष्टावर मारली, दोन्ही सारख्याच हळू. पुढचं पान कोरं होतं; त्या पानासाठी तिने काहीच ठरवलं नव्हतं. तिने पेन्सिलीला टोक केलं आणि वरच्या ओळीवर लिहिलं, लालबी, १२ जून, परत. त्या वहीत कुणाच्या येण्याची तारीख ती पहिल्यांदाच लिहीत होती.